गीत: पारंपरिक

दुपारची वेळ होती, दुकानात एका लग्नाच्या पत्रिकेचं तिसऱ्यांदा प्रूफ काढून राहिलो होतो कारण नवरीच्या आत्याचं नाव राहून गेलं होतं, तेवढ्यात भाच्याचा व्हॉट्सॲप आला. एक यूट्यूबची लिंक आणि खाली एवढंच, "मामा हे तुमचं गाणं आहे न?"

लावलं. पहिल्या दोन ओळीतच कळलं की आपलंच आहे. ढोलकी वेगळी, मागे कीबोर्डचे तुकडे वाढवलेले, गाणारी मुलगी चांगली, फार चांगली गाते खरं सांगतो. व्हिडिओ एका बाहेरगावच्या म्युझिक कंपनीच्या चॅनलवर होता, सहा लाखाच्या वर लोकांनी पाहिलेला. खाली नावं वाचली. गायिकेचं नाव, संगीत संयोजकाचं नाव, कॅमेरा, एडिटिंग, मेकअपवाल्याचंही नाव होतं. आणि गीताच्या पुढे लिहिलं होतं "पारंपरिक".

मी जिवंत आहे, नागपूरला इंदोऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर तिथे बसलेला असतो, आणि माझं गाणं पारंपरिक झालं होतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

हे सगळं मार्च २०२४ चं. त्यानंतर जे जे केलं, कुठे कुठे गेलो, काय समजलं ते लिहून ठेवतो आहे, कारण आमच्याकडे लिहिणारे खूप आहेत, जयंतीच्या, बुद्ध पौर्णिमेच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या वेळी गायन संच येतात, गाणं मागतात, आपण देतो, आणि पुढे त्याचं काय होतं ते कोणीच विचारत नाही. मीही बावीस वर्षं विचारलं नव्हतं.

आधी गाण्याबद्दल सांगतो म्हणजे कळेल दुखलं कुठे. हे गाणं मी २०१६ मधे लिहिलं, दीक्षेला साठ वर्षं झाली तेव्हा. माझी आजी एम्प्रेस मिलमधे कामाला होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती दीक्षाभूमीवर होती, तिच्या तोंडून ती गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली. पांढरे कपडे घालून यायचं होतं, तिच्याकडे पांढरं लुगडं एकच, तेही कामावरचं, मळलेलं. रात्री धुतलं, पहाटेपर्यंत वाळलं नाही, तर तिने ते ओलंच नेसलं आणि निघाली. उन्हात अंगावरच वाळलं म्हणायची. त्यावरून माझ्या गाण्यातली ओळ आहे, "ओलंच लुगडं नेसून माय पहाटे निघाली". अख्खं गाणं त्या ओलंच या शब्दावर उभं आहे.

नवीन रेकॉर्डिंगमधे काय होतं? "कोरीच साडी नेसून माय पहाटे निघाली".

कोरी साडी! लुगडं आजकालच्या पोरांना कळत नाही म्हणून साडी केलं असेल, समजू शकतो, पण ओलीची कोरी केली म्हणजे आजीची गरिबीच पुसून टाकली न, ती बाई कोणत्या हालात गेली तेच गेलं गाण्यातून. आणि दुसरं, शेवटचा अंतराच नव्हता. आमच्या गाण्यांमधे शेवटच्या अंतऱ्यात लिहिणाऱ्याचं नाव येतं हे जाणकारांना माहीत आहे. तुकोबांचं "तुका म्हणे" तसंच ते. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावी गायली गेली, कित्येकांनी त्यांचा चेहरा पाहिला नसेल, पण शेवटी "वामन" आला की कळायचं हे दादांचं. छापील पुस्तक नाही, कॅसेटवर नाव नाही, तरी नाव टिकायचं कारण ते गाण्यातच विणलेलं असायचं. माझाही शेवटचा अंतरा तसाच आहे. तो कापला, चार मिनिटांत बसत नसेल म्हणून कापला असेल, आणि त्यासोबत गाण्यातलं माझं नावही गेलं, मग वरती लिहायला पारंपरिक मोकळं.

मित्र म्हणे, "काहून विचार करून राहिला बे, स्ट्राइक मार न डायरेक्ट." यूट्यूबवर कॉपीराइटची तक्रार टाकली की व्हिडिओ काढतात, आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक बसले तर चॅनल बंद होऊ शकतं, हे मलाही माहीत होतं. फॉर्म उघडलाही होता. पण खालच्या कमेंट वाचल्या आणि हात थांबला. कोणीतरी बुलढाण्याहून लिहिलं होतं की आमची आजी हे ऐकून रडली, तीही गेली होती दीक्षेला. व्हिडिओ उडवला असता तर गाणंही गेलं असतं त्या लोकांजवळून. मला गाणं बंद नव्हतं करायचं. माझं गाणं कोणी गायलं तर मला आनंदच आहे, लिहितो कशासाठी मग. पण विचारून गा, आहे तसं गा, नाव घ्या, आणि त्यातून पैसा येत असेल तर माझा वाटा द्या, एवढंच होतं.

बायकोच्या ओळखीतल्या एक वकील ताई आहेत धंतोलीत, हायकोर्टात प्रॅक्टिस करतात. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, वही घेऊन, मोबाईल घेऊन. त्यांनी गाणं पूर्ण ऐकलं, दोन्ही रेकॉर्डिंग, मधे एक शब्द बोलल्या नाहीत. मग विचारलं, लिहिलं कधी, पुरावा काय, पहिल्यांदा कोणी रेकॉर्ड केलं, तेव्हा कशावर सही केली का, किती पैसे घेतले?

२०१७ मधे आमच्याच भागातल्या एका गायकाने पहिलं रेकॉर्डिंग केलं होतं, छोट्या स्टुडिओत. मला शाल, नारळ आणि दीड हजार रुपये दिले होते. सही कशावरच नाही. मला वाटत होतं दीड हजार घेतले म्हणजे गाणं विकलंच आपण, आता कोणत्या तोंडाने भांडायचं.

ताई म्हणाल्या, "नाही हो भाऊ. हक्क द्यायचा तर कागद लागतो, त्यावर तुमची सही लागते. तोंडी विक्री होत नाही याची. दीड हजार त्यांनी मानधन दिलं, तुम्ही घेतलं, गाणं तुमचंच आहे." कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, त्याचं छोटं पुस्तक त्यांच्या टेबलावर होतं, पेन्सिलच्या खुणा केलेलं, त्यातलं कलम १९ काढून मला वाचायला दिलं. अजून एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं, गाणं रजिस्टर केलेलंच पाहिजे असं नाही, लिहिलं त्या क्षणापासून हक्क तयार होतो. रजिस्ट्रेशन केलं तर पुरावा भक्कम होतो, शब्दांच्या एका रचनेसाठी सरकारी फी पाचशे रुपये आहे, ते मी नंतर केलं. पण नाही केलं म्हणून हक्क जात नाही.

पुरावा म्हणून माझी वही होती, तारीख घातलेली. आणि २०१६ च्या कार्यक्रमाचं पत्रक, जे मीच माझ्या दुकानात छापलं होतं, त्यावर गाण्याचा मुखडा आणि माझं नाव. आपली पत्रकं फेकू नका रे बाबांनो.

मग ताईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि मी गप्प झालो. "चाल कोणाची?"

चाल मास्तरांची. पाचपावलीत राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या संचात पेटी वाजवली. २०१६ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या घरी बसून, तीन कप चहात, त्यांनी ती चाल बांधली होती. माझ्या बायकोला विचारून विचारून, "सूनबाई, हे उचलाचं इथून का इथून?" २०१७ च्या रेकॉर्डिंगवर माझं नाव होतं गीतकार म्हणून, गायकाचं होतं, मास्तरांचं नव्हतं. त्यांना त्या दीड हजारातला एक रुपयाही मिळाला नव्हता. मी दिला नव्हता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आणि हे लिहिताना आजही वाईट वाटतं. पारंपरिक शब्द वाचून मला जे झालं ते मास्तरांसोबत सात वर्षं होत होतं आणि करणारा मीच.

ताईंनी समजावून सांगितलं, शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, आणि रेकॉर्डिंग ही तिसरी, तिघांचे हक्क वेगळे. त्या मुलीने गायलेल्या रेकॉर्डिंगचा मालक ती कंपनी असू शकते, त्यांनी खर्च केला आहे, पण त्या रेकॉर्डिंगच्या पोटात जे शब्द आणि चाल आहे ते तुमचं आणि मास्तरांचं. नोटीस पाठवायची तर दोघांच्या नावाने पाठवा.

दुसऱ्या दिवशी रविवारी पाचपावलीला गेलो. मास्तर ऐकून घेत होते, मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. ते म्हणे, "जाऊ दे न बापू, चाल काय, हवेत असते ते." मी म्हटलं हवेत असती तर दुसऱ्या कोणाला काहून नाही सापडली. मग हसले थोडे. त्यांच्या सुनेने आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक आणून दिलं. पॅन कार्ड नव्हतंच त्यांच्याकडे, ते आधी काढावं लागलं.

नोटीसच्या आधी मी स्वतः फोन केला कंपनीला, म्हटलं बोलून होत असेल तर बरं. जे गृहस्थ बोलले ते तसे गोड बोलत होते. त्यांचं म्हणणं, "भाऊ, पाच वर्षं झाली की गाणं कव्हरसाठी मोकळं होतं. तुमचं पहिलं रेकॉर्डिंग २०१७ चं, आम्ही केलं २०२३ मधे." इतक्या खात्रीने बोलले की मलाही वाटलं खरंच असेल. आणि मग, "तुमची प्रसिद्धीच होऊन राहिली न, नाव टाकून देतो आम्ही."

हा पाच वर्षांचा मुद्दा मी नंतर तीन वेगवेगळ्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. कव्हर म्हणजे आधी निघालेलं गाणं दुसऱ्याने पुन्हा नव्याने रेकॉर्ड करणं. त्यासाठी कायद्यात कलम ३१सी आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. पूर्वी कॅसेटच्या जमान्यात नियम सैल होता, पहिल्या रेकॉर्डिंगनंतर दोन वर्षं थांबून, नोटीस आणि रॉयल्टी, म्हणजे वापराचा मोबदला, देऊन दुसऱ्या आवाजात तीच गाणी काढता यायची, आणि तेव्हा अशा कॅसेटचा पूर आला होता हे पन्नाशीच्या लोकांना आठवत असेल. आता पाच वर्षं. म्हणजे पहिलं रेकॉर्डिंग ज्या वर्षी निघालं ते वर्ष संपल्यानंतर पुढची पाच पूर्ण वर्षं. माझ्या बाबतीत २०१७ संपलं, पुढची पाच म्हणजे २०२२ अखेर. तर २०२३ मधे त्यांना ती वाट उघडी होती, तेवढं त्यांचं खरं. पण मोकळं होतं म्हणजे फुकट होतं असं कुठेच लिहिलेलं नाहीये! त्या कलमात लिहिलंय की आधी मालकाला नोटीस द्या. वेष्टण, लेबल कसं असणार ते आधी पाठवा. रॉयल्टी आगाऊ भरा, आणि तीही दर वर्षी कमीत कमी पन्नास हजार प्रतींची. हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट छापा. आणि सगळ्यात महत्त्वाचं माझ्यासाठी, शब्दांत किंवा चालीत बदल करायचा नाही, मालकाच्या संमतीने आधी झालेला असेल किंवा तांत्रिक गरज असेल तेवढाच. ओलंचं कोरीच करणं ही कोणती तांत्रिक गरज?

शिवाय ते कलम लिहिलंय तेच प्रती, माध्यम, वेष्टण या हिशोबाने, ऑनलाइनच्या जगात ते बसवणं सोपं नाही असं ताई म्हणाल्या, त्यामुळे प्रत्यक्षात चांगल्या कंपन्या सरळ गीतकार-संगीतकाराशी करार करून परवानगी घेतात. यांनी दोन्ही केलं नव्हतं.

आणि नावाचं तर कलमच वेगळं आहे, ५७. हक्क विकून टाकला तरी आपलं नाव सांगण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड केली तर त्याविरुद्ध उभं राहता येतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की कायदा लिहिणाऱ्यांनी कोणीतरी गाणं लिहिणाऱ्याच्या जागी बसून विचार केला असेल.

नोटीस गेली, दोघांच्या नावाने, एप्रिलमधे. अठरा दिवस काहीच नाही. मग मेल आला, सोबत एक करारनामा, आणि पाच हजार रुपये देऊ असं लिहिलेलं. करारनामा इंग्रजीत, सहा पानांचा. ताईंनी वाचून सांगितलं, यात तुम्ही गाण्याचे सगळे हक्क कायमचे, जगभरासाठी, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी देऊन टाकता, आणि रॉयल्टी कधीच मागणार नाही असं लिहून देता.

मी कबूल करतो की पाच हजार बघून मन हललं होतं. ऑफसेटवाल्याचं बिल थकलेलं होतं. मास्तरांना अडीच, मला अडीच, भांडण संपलं. आमच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ गीतकाराने अशीच बारा गाणी एका कागदावर सही करून दिली होती, त्यांचंच गाणं त्यांना लग्नाच्या वरातीत ऐकू यायचं आणि ते बाजूला उभे राहून ऐकायचे. वरातीचं सोडा, लग्नात, वरातीत वाजलं तर कायद्यातच सूट आहे आणि असावीच, माझीही काही हरकत नाही. मंडळाच्या पोराने गायलं, कोणी शाळेत बसवलं, आनंदाने करा. पण ज्याचा धंदाच गाण्यावर आहे त्याने गाण्याच्या मुळाशी काही दिलं पाहिजे.

ताईंनी भाडं आणि रजिस्ट्री असं सांगितलं तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. घर भाड्याने दिलं तर भाडेकरू राहतो, भाडं देतो, मुदत संपली की घर तुमचं. रजिस्ट्री करून दिली की गेलं. त्यांना एका रेकॉर्डिंगसाठी गाणं पाहिजे म्हणजे भाड्याने पाहिजे, आणि ते रजिस्ट्री मागून राहिले. आणि रॉयल्टी मागणार नाही हे जे लिहून घेत होते ते तर कायद्याने चालतच नाही. २१ जून २०१२ पासून ही दुरुस्ती लागू आहे, गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा अर्धा वाटा त्याच्याकडून काढून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला, देता येतो, बाकी कोणाला लिहून दिला तर तो करार तेवढ्यापुरता रद्द. सिनेमातल्या गाण्यासाठी थिएटरात सिनेमासोबत दाखवणं तेवढं सोडून, आणि आमच्यासारख्या बिगरसिनेमाच्या गाण्यांना तर तेही सोडलेलं नाही. जावेद अख्तर राज्यसभेत होते तेव्हा त्यांनी या दुरुस्तीसाठी जोर लावला होता. मी त्यांचं त्या वेळचं भाषण नंतर शोधून ऐकलं, दुकानात, शटर अर्धं ओढून.

आम्ही उलट करारनामा पाठवला, मराठीत, दीड पानाचा, मीच टाइप केला. त्यात फक्त या एका रेकॉर्डिंगपुरता परवाना, तीन वर्षांसाठी, दुसऱ्या कोणाला गाणं द्यायला आम्ही मोकळे. नाव दोघांचं, व्हिडिओच्या वर्णनात पहिल्या तीन ओळींत. झालेल्या वापरापोटी एकरकमी पैसे. पुढची रॉयल्टी सोसायटीमार्फत. आणि मूळ शब्द, शेवटच्या अंतऱ्यासकट, खाली पूर्ण टाकायचे. मुदत लिहायला विसरू नका हे खास सांगतो, कारण करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं.

दोन महिने खेचाखेच चालली. एकदा ते म्हणाले कोर्टात जा. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं की लेखक जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा टाकता येतो, कलम ६२, तर तुम्हाला तारखेला नागपूरला यावं लागेल. त्यानंतर सूर बदलला. जुलैमधे अठरा हजारावर मिटलं, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या. अठरा हजार जास्त आहेत का कमी मला माहीत नाही, त्यांनी त्या व्हिडिओवर किती कमावले तेही शेवटपर्यंत सांगितलं नाही.

इथे मला एक गोष्ट फार खटकते. अमेरिकेत १९०९ सालीच कायद्यात दर लिहून टाकला होता, दुसऱ्याने तुमचं गाणं यांत्रिक पद्धतीने उतरवलं की प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट. तेव्हा पियानो आपोआप वाजवणाऱ्या भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या निघायच्या, त्यावरून तो वाद सुरू झाला होता. दोन सेंट म्हणजे काहीच नाही आणि तो दर सत्तर वर्षांच्या आसपास तसाच राहिला हा अन्यायच, पण २०२३ मधे तिथे तो बारा सेंट झाला. मुद्दा असा की तिथल्या कोपऱ्यातल्या गीतकारालाही माहीत असतं की एका प्रतीमागे आपलं इतकं. आमच्याकडे मी, मास्तर आणि ताई तिघं बसून अंदाज लावून राहिलो होतो की काय मागायचं. भाजीवालीलाही भाव माहीत असतो तिच्या भाजीचा. गाण्याचा भाव लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे, उघड पाहिजे, लहान कंपनी असो की मोठी.

पैसे आले त्या दिवशी मास्तरांच्या खात्यात नऊ हजार टाकले आणि तर्री पोह्याच्या ठेल्यावर बसून त्यांना मेसेज दाखवला. त्यांनी चष्मा काढून मोबाईल डोळ्याजवळ नेला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "संगीत म्हणून लिवलं का माझं नाव?" व्हिडिओ काढून दाखवला. ते नाव त्यांनी बोटाने दाबलं, लिंक उघडते तसं काही होईल वाटलं असेल, काही झालं नाही. पुन्हा एकदा दाबलं.

त्यानंतर आयपीआरएसचं काम. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, १९६९ पासूनची संस्था, २०१७ मधे नव्याने कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी झालेली. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने ही रॉयल्टी गोळा करते आणि वाटते, रेडिओ, टीव्ही, हॉटेल, कार्यक्रम, ऑनलाइन. बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, पीपीएल वेगळी, ती रेकॉर्डिंगच्या मालकांची. लिहिणाऱ्याची आणि चाल लावणाऱ्याची ही. आपला अर्ज आपणच करायचा, मास्तरांचा वेगळा, माझा वेगळा, पॅन, आधार, कॅन्सल चेक, फोटो, वारसाचं नाव आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याची माहिती. ऑनलाइन होतं. मास्तरांच्या पॅनवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं निघालं, त्यातच महिना गेला. सदस्य झाल्यावर एक जागतिक नंबर मिळतो, आणि मग प्रत्येक गाणं नोंदवायचं, त्यात कोणाचा किती वाटा ते लिहायचं. प्रकाशक नसेल तर शब्द आणि चाल अर्धं अर्धं. इथेच लोक थांबतात, सदस्य होतात आणि गाणी नोंदवतच नाहीत, मग पैसे कोणत्या गाण्याचे म्हणून देणार? आणि वाटा गाणं तयार होतं त्याच दिवशी कागदावर लिहून घ्या, नंतर आठवणी बदलतात, माणसंही जातात.

गायिकेचं राहिलं सांगायचं. सह्या झाल्यावर तिचा फोन आला, माझा नंबर तिने वर्णनातून नाही, भाच्याच्या कमेंटवरून शोधला. घाबरत बोलत होती. तिला शब्द व्हॉट्सॲपवर आले होते तसेच तिने गायले, कोरी साडीसकट. चार हजार मिळाले होते तिला, तेवढेच, आणि गाणाऱ्याचाही कायद्यात रॉयल्टीचा हक्क आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं. मग तिने विचारलं, "काका, शेवटचा अंतरा सांगता का?" मी फोनवर एकेक ओळ सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली, ओलंच शब्दापाशी तिने थांबवून विचारलं की ओलं का, तर आजीची गोष्ट सांगितली. पलीकडे बराच वेळ शांत. या वर्षी जयंतीला तिने एका मोठ्या कार्यक्रमात ते गाणं गायलं, आधी मला आणि मास्तरांना दोघांना फोन करून विचारून, लुगड्यासकट, शेवटच्या अंतऱ्यासकट. व्हिडिओ पाठवला तिने. माझ्या नावाची ओळ येते तिथे ती मान जरा खाली घालून गाते.

आता मास्तर दर रविवारी दुपारी येतात, पेटी घेऊन. त्यांच्याकडे तीन वह्या आहेत, सारेगमच्या अक्षरांत लिहिलेल्या चाली, चाळीसच्या वर. त्या एकेक वाजवून मोबाईलवर रेकॉर्ड करतो आणि कोणते शब्द कोणाचे ते लिहितो. नऊ गाण्यांचे गीतकार कोण ते त्यांना आठवत नाही. दोघांची नावं आठवली पण ते आता नाहीत, आणि लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो, म्हणजे घरच्यांना सांगायला पाहिजे. त्यातल्या एकांच्या पत्नी जरीपटक्यात मुलीकडे राहतात असं कळलं आहे. येत्या रविवारी मास्तर आणि मी तिकडे जाणार आहोत, त्यांच्या यजमानांची चार गाणी आणि कोरा फॉर्म घेऊन.